पन्नाशीनंतर पुन्हा पहिलीत बसणाऱ्यांचे विनोदी सिनेमे सुचवा

पीठमीठ :

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी २७ वर्षं पुण्यात एका छापखान्यात ऑफसेट मशिनवर होतो. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, वर्ष संपत आलं की डायऱ्या आणि कॅलेंडरं. मागच्या वर्षी श्रावणात मालकांनी आम्हा अकरा जणांना बोलावलं, चहा मागवला आणि छापखाना बंद करतोय म्हणाले. माझं वय तेव्हा ५१. अडीच महिने घरात बसून काढले. मग धायरीकडे एक चालती पिठाची गिरणी विकायला निघाली होती, ती बायकोच्या हिमतीवर घेतली.

शाईतला माणूस पिठात आला. कागद हाताला लागला की तो किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड-वजनदार) आहे ते मी डोळे मिटून सांगायचो. इथे बाजरी दळल्यावर लगेच गहू टाकायचा नसतो, हेही मला माहीत नव्हतं. दगडाला टाकी कशी लावायची, म्हणजे छिन्नीने टोचून तो परत खरखरीत कसा करायचा, ते मला २३ वर्षांच्या एका मुलाने शिकवलं, तेही तीनदा. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी एक आजी राजगिरा आणि वरई घेऊन आल्या. म्हणाल्या, "आधी सगळं झाडून-पुसून घे बाबा, गव्हाचा कण गेला तर माझा उपास मोडेल." अर्धा तास मी ब्रश घेऊन बसलो होतो आणि त्या स्टुलावर बसून, कुठल्या सांदीत पीठ अडकतं ते दाखवत होत्या. गिरणीचं खरं शिक्षण मला त्या दिवशी मिळालं.

त्याच रात्री मुलीने लॅपटॉपवर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावला. परेश मोकाशींचा, २००९ चा. दादासाहेब फाळके मुळात छपाईच्या धंद्यातले, हे मी ऐकून होतो, पण कधी मनाला भिडलं नव्हतं. भागीदाराशी पटेना म्हणून चालता धंदा सोडलेला माणूस, वय चाळिशीचं, घरात लहान मुलं. १९११ मध्ये गिरगावात येशू ख्रिस्तावरचा सिनेमा बघतो आणि पछाडला जातो. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली लंडन गाठतो, तिथे हेपवर्थ या इंग्रज सिनेमावाल्याच्या स्टुडिओत जाऊन शिकतो, कॅमेरा घेऊन परत येतो आणि वाटाण्याच्या कोंबाची वाढ चित्रित करतो. घरातलं सामान एकेक करून विकलं जातंय, आणि घर मात्र आनंदात! नंदू माधव यांनी फाळके असे केलेत की त्या माणसाला वाईट दिवस आलेत हे त्याच्याच लक्षात आलं नसावं, असं वाटतं. सरस्वतीबाई (विभावरी देशपांडे) स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोकं पाडायला बसतात. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणारा साळुंके सापडतो. सिनेमात काम करणं तेव्हा कमीपणाचं, म्हणून नटांनी बाहेर काय सांगायचं, तर आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत! मग ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागतो.

मी आणि बायको त्या रात्री कितीतरी महिन्यांनी एकत्र हसलो. चाळिशीतला माणूस कॅमेऱ्यात फिल्म भरायला शिकतो आणि शिकताना त्याला कणभर लाज वाटत नाही, हे मला फार लागलं. मला लाज वाटत होती, त्या २३ वर्षांच्या मुलासमोर.

आता प्रश्न. दर रविवारी संध्याकाळी गिरणी बंद केल्यावर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चादर बांधून, उसन्या प्रोजेक्टरवर आम्ही सिनेमा लावतो. पंधरा-सोळा माणसं येतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, घटस्फोटानंतर पोळी-भाजी केंद्र काढलेली एक ताई, पाच वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्यावर आता मोबाइल दुरुस्ती शिकणारा मुलगा. सगळ्यांचंच आयुष्य कुठेतरी वळलंय. यांच्यासाठी विनोदी सिनेमे हवेत, नवी सुरुवात करणाऱ्या माणसांचे. अट एकच. लॉटरी लागली, श्रीमंत मामा मेला, देव प्रसन्न झाला, असं नको. माणूस कष्टाने काहीतरी नव्याने शिकला पाहिजे. हसू त्याच्याबरोबर यावं, त्याच्यावर नको.

लाडूवाली :

दादा, आधी तुम्हाला नमस्कार. मी सांगलीत मेस चालवते, माझा आयडी बघून कळलंच असेल मी कुठला सिनेमा सांगणार.

'इंग्लिश विंग्लिश', २०१२. पुण्याच्या शशी गोडबोले लाडू करून विकतात. घरात नवरा आणि मुलगी त्यांच्या इंग्रजीला हसतात. भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जातात आणि कुणाला न सांगता चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गात नाव घालतात, लाडू विकून साठवलेल्या स्वतःच्या पैशांतून. तुमची अट इथे पुरेपूर बसते.

मी हा सिनेमा नऊ वेळा बघितलाय आणि दर वेळी त्याच एका ठिकाणी थांबवते. वर्गातले सर त्यांना सांगतात की तुम्ही व्यवसाय करता, म्हणजे तुम्ही 'आंत्रप्रेन्युअर' आहात. त्या बाहेर पडतात आणि रस्त्याने चालता चालता तो शब्द तोंडात घोळवत राहतात. श्रीदेवी त्या वेळी जे चालतात ना! पदर, पर्स, सगळं तेच असतं, फक्त चाल बदललेली असते. मला मेस सुरू करून अकरा वर्षं झाली होती आणि मी बँकेत फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहायचे. सिनेमा बघितल्यानंतरच्या फॉर्मपासून 'खानावळ' लिहायला लागले.

दिग्दर्शिका गौरी शिंदे पुण्याच्या. त्यांच्या आई घरून लोणच्यांचा व्यवसाय करायच्या आणि हा सिनेमा आईवरूनच सुचला. म्हणून त्यातलं स्वयंपाकघर खोटं वाटत नाही. आणि १९९७ च्या 'जुदाई'नंतर पंधरा वर्षांनी श्रीदेवी यातून परत आल्या, म्हणजे पडद्यावर आणि पडद्यामागे दोन्हीकडे दुसरी सुरुवात.

अजून एक. शेवटी परीक्षेच्या दिवशीच लग्नाचे लाडू जमिनीवर सांडतात. शशी परीक्षेला न जाता पुन्हा लाडू करायला बसतात. काही जणींना हे आवडत नाही, माझ्या बहिणीशी यावरून माझं भांडण झालंय. मला ते पटतं. लाडू हे तिचं काम आहे. आपल्या हातचा माल बिघडला तर आपण दुसऱ्याच्या हाती देत नाही. पोळी-भाजीवाल्या ताईंना विचारा, त्या माझ्या बाजूने बोलतील.

टपालपेटी :

'अशी ही बनवाबनवी' कुणीच कसं सांगितलं नाही? १९८८ पासून महाराष्ट्राला पुरलाय. आणि 'दे धक्का' (२००८). धक्का मारून चालू करायच्या गाडीतून अख्खं कुटुंब मुलीच्या नाचाच्या स्पर्धेला मुंबईला निघतं. तो इंग्रजी 'लिटल मिस सनशाइन'वर बेतलाय, पण मकरंद अनासपुरे आणि शिवाजी साटम यांनी त्याची माती बदलून टाकलीय.

पीठमीठ :

लाडूवाली ताई, रविवारी हाच लावतो. तुमचा 'खानावळ' शब्द वाचून बायकोने मला हाक मारून दाखवला.

टपालपेटी, 'दे धक्का' यादीत घेतला. 'बनवाबनवी' आमच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे, धनंजय माने म्हटलं की पुढचं वाक्य पोरंच म्हणतात. पण लीलाबाई काळभोरांना जोडपीच भाडेकरू हवीत म्हणून दोघं साडी नेसतात, ती खोलीसाठीची धडपड. त्यातली माणसं सुरुवातीला जशी असतात तशीच शेवटी असतात, आणि तशीच ती आपल्याला आवडतात. मला बदलणारं माणूस हवंय.

हिमवाट :

पिट्सबर्गहून लिहिते आहे. इथून गाडीने दोनेक तासांवर पंक्सुटॉनी नावाचं गाव आहे. २ फेब्रुवारीला पहाटे तिथे लोक ग्राउंडहॉग नावाच्या, घुशीपेक्षा मोठ्या आणि गुबगुबीत प्राण्याला बिळातून बाहेर काढतात. त्याला त्याची सावली दिसली तर थंडी अजून सहा आठवडे. गॉब्लर्स नॉब या टेकडीवर हा सोहळा १८८७ पासून चालतो. मी एका वर्षी गेले होते, अंधारात गोठत उभी होते, आणि आजूबाजूचे सगळे गात होते.

'ग्राउंडहॉग डे' (१९९३) या गावात घडतो, चित्रीकरण मात्र इलिनॉयमधल्या वुडस्टॉकला झालं. बिल मरे टीव्हीवर हवामान सांगणारा, स्वतःवर खूश, इतरांना तुच्छ लेखणारा माणूस. सोहळ्याची बातमी करायला येतो आणि त्याच दिवसात अडकतो. रोज सकाळी सहाला गजर, रेडिओवर तेच गाणं, तीच २ फेब्रुवारी. बाकी कुणाला काही आठवत नाही, फक्त त्याला आठवतं.

पीठमीठ दादा, हा चमत्कार आहे, मान्य. पण तुमच्या अटीत कसा बसतो ते सांगते. तो आधी चंगळ करतो, मग पैसे चोरतो, मग जीव द्यायला बघतो, काहीच उपयोग होत नाही. शेवटी पियानो शिकायला जातो. शिकवणाऱ्या बाईंच्या दृष्टीने तो रोजच पहिल्या दिवसाचा विद्यार्थी असतो! त्याची बोटं मात्र रोज थोडी पुढे गेलेली असतात. ही प्रगती बघायला जगात दुसरं कुणीही नाही. इथे आल्यावर मी चाळिसाव्या वर्षी बर्फात गाडी चालवायला शिकले, तेव्हा मला याच दृश्याचा आधार होता. रिकाम्या पार्किंगमध्ये रोज तेच वळण.

मराठी सबटायटल्स मिळणं कठीण, पण तुमच्यातल्या कुणीतरी पहिल्या दहा मिनिटांचं थोडं समजावून सांगितलं तर पुढचं आपोआप कळतं, कारण तोच दिवस परत परत येतो.

दिवेलागण :

'झिम्मा' (२०२१) आणि 'बाईपण भारी देवा' (२०२३) राहिलेच. दुसरा लागला तेव्हा आमच्या वॉर्डातल्या बावीस जणी नऊवारी आणि गॉगल घालून गेलो होतो, त्यातल्या आठ जणी थिएटरात पहिल्यांदाच नवऱ्याशिवाय आल्या होत्या. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरतात, गुडघे दुखत असताना सराव करतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांना या वयात फुगडीसाठी उभं राहताना बघणं हेच पुरेसं आहे. कथा थोडी सोपी केलीय, तरी लावा.

पीठमीठ :

सगळ्यांचे आभार. हिमवाट ताई, पियानोचं वाचून गिरणीत बसल्या बसल्या गलबललं.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नाही. लिहू की नको करत होतो. बायकोला विचारलेलं नाही, म्हणून नावं-गावं थोडक्यातच सांगतो.

माझे सासरे ७१ वर्षांचे. साताऱ्यात एकटे राहतात. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जातात, तिथे एक निवृत्त शिक्षिका भेटतात, त्याही एकट्या. दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. सासऱ्यांनी आधी मला सांगितलं आणि मग माझ्याच फोनवरून त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला. पाच आठवडे झाले, ती वडिलांशी बोललेली नाही. भांडली नाही, रडली नाही. फोन आला की मोबाइल माझ्या हातात देते आणि गहू निवडायला बसते.

मला तिच्यावर काही लादायचं नाही. माझी नोकरी गेली तेव्हा ही बाई माझ्यामागे भिंतीसारखी उभी राहिली. ५१ व्या वर्षी मी नवं काही सुरू करू शकतो हे मला पटण्याआधी तिला पटलं होतं. वडिलांचं मात्र तिला पटत नाही. असा एखादा सिनेमा आहे का, हसत-खेळत हा विषय मांडणारा?

आईची लेक :

काका, मी तुमच्या बायकोच्या जागी होते. म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा गेल्यावर चार वर्षांनी माझ्या आईने लग्न केलं, वयाच्या ५८ व्या वर्षी. मी ठाण्याला असते. मी लग्नाला गेले, हसून फोटो काढले आणि नंतर सात महिने तिच्या नव्या घरी पाऊल ठेवलं नाही. लोक काय म्हणतील याचा मला फरक पडत नव्हता. मला राग एकाच गोष्टीचा होता. आईने बाबांचा पितळी अडकित्ता त्या घरी नेला होता. मला वाटायचं, तो माझा आहे. तो त्या घरात का?

शेवटी गेले तेव्हा तो शोकेसमध्ये ठेवलेला दिसला, लखलखीत. ते काका सुपारी खातही नाहीत. आई म्हणाली, महिन्यातून एकदा बाहेर काढून तेच त्याला तेल लावतात, गंजू नये म्हणून. मी चहा न पिता निघायचं ठरवून गेले होते, जेवून निघाले.

आता सिनेमा. 'बधाई हो' (२०१८) लावू नका, निदान आत्ता नको. मला तो फार आवडतो. नीना गुप्ता, गजराज राव, आणि मेरठच्या लग्नात सगळ्या नातेवाइकांसमोर सुनेची बाजू घेणाऱ्या सुरेखा सिक्री, ज्यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलं मोठी झाल्यावर आई पुन्हा गरोदर राहते, आणि आईबापांनाही आयुष्य असतं हे तो पोरांना सांगतो. पण त्यातला प्रश्न वेगळा. तिथे आई-वडील तेच आहेत, रिकामी झालेली जागा नाही.

तुम्हाला हवाय तो 'खट्टा मीठा', बासू चटर्जींचा, १९७८. मुंबईतली पारशी माणसं. अशोक कुमार म्हणजे होमी मिस्त्री, विधुर, चार मुलगे. पर्ल पदमसी म्हणजे नर्गिस सेठना, विधवा, दोन मुलगे एक मुलगी. मध्यस्थ मित्र सोली, म्हणजे डेव्हिड. सात मुलं, एक घर. हॉलिवूडच्या 'युअर्स, माइन अँड अवर्स'वरून घेतलाय, पण बासूदांनी पारशी घराची भांडी-खुर्च्यांसकट नवी मांडणी केलीय.

मला त्यात काय सापडलं ते सांगते. कुणी तत्त्वज्ञान झाडत नाही. 'म्हातारपणी आधार हवा' असलं भाषण नाही. मुलं भांडतात ती जागेवरून, सवयींवरून, माझं-तुझं यावरून. माझा अडकित्ता! लग्न करणारे दोघं मोठे प्रेमवीर नाहीत, दमलेले, मायाळू लोक आहेत, आणि आईबाप असूनही त्यांना एका घरात राहायला नव्याने शिकावं लागतं. तुमची अट पहिल्या दिवशीपासून हीच आहे ना?

दोन विनंत्या. हा सिनेमा तिच्यासाठी लावलाय असं तिला जाणवू देऊ नका, रविवारच्या यादीत आपोआप आल्यासारखा येऊ द्या. आणि सिनेमा चालू असताना तिच्या चेहऱ्याकडे बघू नका. माझा नवरा बघत होता, मी उठून गेले होते.

लाडूवाली :

आईची लेक, तुझ्या त्या काकांना माझा नमस्कार सांग.

पीठमीठ :

तीन आठवड्यांनी लिहितोय, सणाच्या दळणांत वेळच मिळाला नाही.

पहिल्या रविवारी 'इंग्लिश विंग्लिश' झाला. उपासाच्या दळणाच्या त्या आजीही आल्या होत्या. लाडू सांडले तेव्हा पोळी-भाजीवाली ताई मोठ्यांदा "गेले!" म्हणाली आणि सगळे हळहळले. लाडूवाली ताई, तुमच्या भांडणात ती तुमच्या बाजूने आहे, विचारून घेतलंय. दुसऱ्या रविवारी पाऊस, म्हणून काही नाही.

परवा 'खट्टा मीठा' लावला. सांगितल्याप्रमाणे मी पुढे बसलो, बायको मागे खांबाशी सूप घेऊन गहू निवडत होती. मी एकदाही मागे वळलो नाही. सगळे हसत होते, त्यात तिचा आवाज मला ऐकू आला नाही. पण मध्येच सुपाचा आवाज थांबला आणि शेवटपर्यंत परत आला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होतो. आतल्या खोलीतून ती फोनवर बोलत होती. आधी वाटलं मुलीशी. मग ऐकलं, "बीपीची गोळी घेता ना?" थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "त्या बाईंना शुगर आहे का?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही.

ती बाहेर आली, ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या गिरणीत दोन किलो हरभऱ्याची डाळ दळून ठेवा. लाडवाला हवीय, जाडसर दळा. शनिवारी साताऱ्याला निघायचंय."